मिक्सर म्हणतो हिरवा, स्पीकर म्हणतो फाटलो: दिवाळी पहाटेआधी मदत हवी

तिसरा मजला (धागाकर्ता) | शुक्रवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीने (पुणे, १४० सदनिका) यंदा भाड्याचा साउंड बंद करून स्वतःचा संच घेतला. दोन १२ इंची पॉवर्ड (आतच ॲम्प्लिफायर असलेले) स्पीकर, मॉनिटरसाठी (कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून) दोन १० इंची, आणि १८ चॅनलचा डिजिटल मिक्सर. हा मिक्सर म्हणजे नुसती पेटी. तिला फेडर-बिडर (आवाज वरखाली करायच्या सरकत्या दांड्या) काही नाही, सगळं टॅबवरून. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा "तो नको, हा घ्यायला हवा होता"कडे वळेल. मला अकरा दिवसांत नरक चतुर्दशीचा कार्यक्रम उभा करायचाय.

मी व्यवसायाने लेखापाल. "तुला मोबाईलमधलं कळतं" या एका गुणावर ही जबाबदारी माझ्या गळ्यात पडली आहे.

काल हिरवळीवर सगळं मांडून पाहिलं. अडचणी अशा:

१. मिक्सरला हेडफोन लावला तर आवाज स्वच्छ. मीटर हिरवा, उणे १८च्या आसपास. पण स्पीकरमधून मेन फेडर उणे ४०च्या वर नेला की आवाज फाटतो. त्याच्या खाली ठेवला तर सूंऽऽ असा वाळू ओतल्यासारखा आवाज मागे सतत.

२. दोन्ही स्पीकरमधून घुंईऽऽ. कोणी बोलत नसलं की जास्त जाणवते. आमच्या गायिका कान दाबून बसल्या होत्या.

३. टॅब दर पाच-दहा मिनिटांनी तुटतो. आवाज चालू राहतो, पण माझ्या हातात काही राहत नाही.

मांडणी: मिक्सर सर्वांत मागे, सुरक्षारक्षकाच्या केबिनपाशी, वीजही तिथलीच. तिथून स्टेजपर्यंत २५ मीटर केबलींचा जुडगा. स्पीकर कलाकारांच्या मागे दोन बाजूंना, म्हणजे त्यांनाही ऐकू येईल. त्यांची वीज क्लबहाउसमधून. खुर्च्या २५०.

सगळं बदलावं लागलं तरी चालेल. फक्त "एखादा चांगला साउंडवाला बोलवा" असं सांगू नका, कमिटीत त्याच मुद्द्यावर मी भांडून आलोय.

---

चहाटळ | शुक्रवार, रात्री ११:२४

एखादा चांगला साउंडवाला बोलवा.

(पळतोय.)

---

कर्णेवाला | शनिवार, सकाळी ७:०५

नमस्कार. बावीस वर्षं झाली या धंद्यात, सांगली-मिरज पट्टा. वडिलांचे कर्णे होते, बॅटरीवरचा ॲम्प्लिफायर घेऊन सायकलवर जायचे. मी आता डिजिटलवर काम करतो. तुमची मांडणी वाचून हसलो, राग मानू नका.

पहिलं काम: स्पीकरच्या पाठीमागं काय काय लिहिलंय ते सगळं इथं टाका. नॉब कुठं आहेत, बटणं कुठं आहेत, एकूण एक. बाकीचं नंतर.

---

तिसरा मजला | शनिवार, सकाळी ९:४०

फोटो चढत नाहीये, लिहूनच सांगतो. वरून खाली: एक मोठं भोक, ज्यात तीन पिनांची कॅननही (माईकच्या केबलीचं टोक) जाते आणि मधोमध पी-३८ही (एकच जाडी पिन) जाते. त्याच्या उजवीकडे नखाने सरकवायचं बारीकसं काळं बटण, वर "माईक", खाली "लाइन". ते वर आहे. खाली नॉब, घड्याळात तीन वाजल्यासारखा. मग तसंच दुसरं भोक, दुसरं बटण (तेही वर). मग ब्लूटूथ. मग "मिक्स आउट". शेवटी आवाजाचे तयार प्रकार: संगीत, भाषण, मॉनिटर वगैरे.

आम्ही माईकचा कार्यक्रम करतोय म्हणून बटण माईकवर ठेवलं होतं.

---

कर्णेवाला | शनिवार, सकाळी ९:५८

सापडलं की हो.

माईक तुम्ही मिक्सरला लावलाय, स्पीकरला नव्हं. स्पीकरला आता जे येतंय ते मिक्सरचं आउट. बटण खाली, लाइनवर. चारही स्पीकरचं. नॉब बारा वाजता आणा, शून्य डीबीची (डेसिबलची) खूण असंल तर तिच्यावर. तीन वाजता ठेवू नका.

---

न्यूट्रल | शनिवार, सकाळी १०:३०

कर्णेवाले बरोबर आहेत. फक्त कारण सांगतो, म्हणजे पुन्हा होणार नाही.

माईकमधून येतो तो काही मिलिव्होल्टचा संकेत. मिक्सर त्याला वाढवून साधारण सव्वा व्होल्टच्या पातळीवर आणतो, यालाच लाइन लेव्हल म्हणतात. स्पीकरचं बटण माईकवर असलं की आतला छोटा ॲम्प्लिफायर समोरून मिलिव्होल्ट येणार असं धरून चालतो. त्याच्या तोंडात तुम्ही थेट सव्वा व्होल्ट ओतलात. तो तिथेच फाटतो. म्हणून हेडफोनमध्ये स्वच्छ आणि स्पीकरमध्ये फाटका. मिक्सरच्या मीटरला हे दिसायची सोयच नाही, कारण फाटतंय ते मिक्सरच्या पुढे.

गंमत म्हणजे उत्तर तुमच्याच आकड्यात आहे. तुम्ही फेडर उणे ४०ला आणलात. ४० डीबी म्हणजे व्होल्टेजमध्ये शंभरपट. शंभरपट मोठा संकेत शंभराने भागून तुम्ही पुन्हा माईकएवढा केलात, मग स्पीकरने तो पुन्हा शंभरपट वाढवला. या उलट्या-सुलट्या प्रवासात वाढली ती फक्त मधली सूं.

---

काळी चार | शनिवार, दुपारी १:१५

मी गाते. वरच्या दोघांचं वाचून माझे कितीतरी जुने कार्यक्रम आठवले.

पण मला दुसऱ्या मुद्द्याबद्दल बोलायचंय. गायिका घुंईने कान दाबून बसल्या म्हणता. त्यांची पट्टी, म्हणजे हार्मोनियमवरची कोणती काळी-पांढरी पट्टी त्यांचा सा, ते विचारा. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ, आणि ती जवळजवळ खर्जातल्या पांढरी पाचवर पडते, किंचित चढी. घुंई बहुतेक वेळा त्याच्या दुप्पट, १०० वरही असते, म्हणजे तोच स्वर वरच्या सप्तकात. माझा तानपुरा काळी चारला. म्हणजे माझ्या सा-च्या अर्धा स्वर खाली कोणीतरी अखंड दुसरा तानपुरा छेडतंय. प्रेक्षकांना ती "थोडीशी घुंई" असते. आम्हाला ते दोन तास चाललेलं भांडण असतं.

---

तिसरा मजला | शनिवार, दुपारी १:४०

विचारलं. काळी चार!!

---

एडिसनकर | शनिवार, संध्याकाळी ५:२०

न्यू जर्सीहून. आमच्याकडे ६० हर्ट्‌झ. ती काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध पडते, त्यामुळे इथे सगळ्याच पट्ट्यांना समान अन्याय. मंडळाच्या कार्यक्रमांना शाळांची सभागृहं घेतो, तिथे हा त्रास नेहमीचा.

---

जुना खिलाडी | शनिवार, रात्री ८:०२

एवढं काय त्यात. घुंई अर्थिंगची असते. स्पीकरच्या वायरीच्या तीन पिनांतली जाडी पिन काढून टाका, घुंई गायब. गावाकडे सगळे असंच करतात, कोणी मेलेलं नाही.

---

न्यूट्रल | शनिवार, रात्री ८:२०

हे कृपया कोणी करू नका.

ती पिन काढल्यावर घुंई जाते हे खरं आहे, आणि म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. पण स्पीकरची बॉडी किंवा मिक्सरचा पत्रा आतल्या एखाद्या बिघाडाने जिवंत झाला, तर तो प्रवाह जमिनीत जायची वाटच तुम्ही कापलेली असते. मग तो माईकच्या जाळीतून गाणाऱ्याच्या ओठांत उतरतो. माईकला ओठ टेकवल्यावर झिणझिण्या आल्या असतील तर त्या नेमक्या याच. पहाटे, दव पडलेल्या हिरवळीवर, अनवाणी बसलेल्या कलाकारांच्या बाबतीत हा खेळ करायचा नाही.

आधी घुंई कुठून येते ते बघा. स्पीकर चालू ठेवून त्यातली कॅनन केबल उपसा. घुंई थांबली तर दोष जोडणीत आहे, स्पीकरमध्ये नाही. तुमच्या बाबतीत थांबेल असं मी आत्ताच सांगतो. मिक्सर केबिनच्या विजेवर, स्पीकर क्लबहाउसच्या. दोन्हींचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी जमिनीत जातं आणि त्यांच्यात थोडा व्होल्टेजचा फरक असतोच. तुमच्या २५ मीटरच्या केबलने ती दोन टोकं जोडली, झालं मोठं वेटोळं. त्यातून फिरणारा प्रवाह म्हणजे तुमची पांढरी पाच.

उपाय पिन कापण्यात नाही. मिक्सर, चारही स्पीकर, लॅपटॉपचा चार्जर, राउटर, सगळं एकाच बोर्डवर आणा. "एवढा लोड कसा पेलेल" असं कमिटी विचारेल. स्पीकरवरचे १००० वॅट हे क्षणिक कमाल आकडे असतात. गाण्याबोलण्याच्या कार्यक्रमात सरासरी ओढ साधारण आठव्या हिश्श्याच्या आसपास धरतात. नीट अर्थिंग असलेला १५-१६ अँपिअरचा एक पॉइंट तुम्हाला पुरून उरेल. वायरमनला बोलावून मीटर लावून बघा: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. हा दुसरा आकडा वीस-तीस दाखवायला लागला तर त्या बोर्डवर काहीही लावू नका.

आणि त्या बोर्डवर दिव्यांच्या माळा नकोत. स्वस्त एलईडी माळांचा अडॅप्टर आवाजात जी टर्र सोडतो ती घुंईपेक्षा वाईट.

---

जुना खिलाडी | शनिवार, रात्री ८:४१

बरं बाबा. राहू दे पिन.

---

कर्णेवाला | रविवार, सकाळी ६:५०

न्यूट्रलसाहेबांशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडं एका जत्रेत निवेदकाला असा झटका बसला होता, वाचला नशिबानं. त्या दिवसापासून गाडीत मल्टिमीटर आणि एक्स्टेंशन दोन्ही माझंच. मांडववाल्याच्या बोर्डावर मी विश्वास ठेवत नाही.

आता मांडणीकडं येतो. तुम्ही ती पेटी मागं का नेली? जुन्या ॲनालॉगला मागं न्यावं लागायचं, कारण हात फेडरवर आणि कान प्रेक्षकांत पाहिजेत. म्हणून पंचवीस मीटरचा साप ओढायचा. तुमच्या मिक्सरचा सगळा फायदाच हा की पेटी स्टेजवर ठेवायची, माईकच्या केबली पाच-पाच मीटरच्या, आणि तुम्ही टॅब घेऊन खुर्चीत. एका बदलात तीन कामं झाली बघा: केबलीचा जुडगा गेला, वीज एका बोर्डावर आली, घुंई गेली.

दुसरं म्हणजे स्पीकर. ते कलाकारांच्या मागं नव्हं, पुढं. माईकच्या रेषेच्या पुढं एक-दीड मीटर, दोन्ही कडंला, तोंड बाहेर. मागं ठेवला की स्पीकरचा आवाज माईकात, माईकचा स्पीकरात, आणि शिट्टी. स्टँडवर उंच चढवा, वरचा हॉर्न बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून गेला पाहिजे. नाहीतर पहिल्या रांगेतल्या आजोबांचे कान किटतात आणि मागच्या रांगेला मुंग्या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सहा डीबी पडतो. उंची हाच त्यावरचा स्वस्त उपाय. स्टँडचे पाय पूर्ण फाकवा, एक पाय खुर्च्यांच्या दिशेला, आणि बुंध्याला वाळूची पिशवी. लहान पोरं पळत असतात.

---

तिसरा मजला | रविवार, रात्री ९:३०

आज तीन तास घालवले. अहवाल:

बटणं लाइनवर. मिक्सर स्टेजवर. सगळं क्लबहाउसच्या एका पॉइंटवर (वायरमन आला होता, न्यूट्रल-अर्थ १.४ व्होल्ट). मेन फेडर शून्यावर नेला आणि मी "हॅलो" म्हणालो. समोरच्या इमारतीतलं कुत्रं उठून बसलं. फाटणं नाही, सूं जवळजवळ नाही, घुंई नाही. अक्षरशः शांतता. गायिका म्हणाल्या, "बंद आहे का?"

आता तिसरा मुद्दा. टॅब अजून तुटतो. आणि नवा चौथा: लॅपटॉपवरून एक भूपाळी लावली तर टाळ-मृदंग नीट, पण गाणारा माणूस पार विहिरीच्या तळाशी. शब्द जवळजवळ नाहीतच. हेडफोनवर तीच फाइल ठणठणीत.

---

चहाटळ | रविवार, रात्री ९:४१

फुकटात कॅराओके मिळालं आणि तक्रार करताय.

---

न्यूट्रल | रविवार, रात्री १०:१५

चहाटळरावांनी गमतीत बरोबर निदान केलं.

तुमच्याकडची केबल एका टोकाला ईपी (मोबाईल-लॅपटॉपची बारीक पिन) आणि दुसऱ्या टोकाला कॅनन अशी असणार. कॅननमध्ये पिन १ अर्थ, पिन २ सुलटा संकेत, पिन ३ तोच उलटा. मिक्सर २ मधून ३ वजा करतो. केबलभर दोन्ही तारांवर सारखाच चढलेला कचरा त्या वजाबाकीत उडून जातो, बॅलन्स्ड जोडणीचं सगळं मर्म एवढंच. पण तुमच्या केबलने २वर डावा आणि ३वर उजवा चॅनल दिला. मिक्सरने नेहमीप्रमाणे वजाबाकी केली. ध्वनिमुद्रणात गायक मधोमध असतो, म्हणजे डाव्या-उजव्यात अगदी सारखा. तो उडाला. बाजूंना पसरलेली वाद्यं आणि घुमारा तेवढा उरला.

केबल बदला: एका टोकाला ईपी, दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या पी-३८, आणि दोन चॅनल. तपकीर गल्लीत कोणत्याही दुकानात मिळेल. लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर पुन्हा घुंई आली तर मध्ये डीआय बॉक्स (संकेताची जोडणी अर्थिंगपासून वेगळी करणारी छोटी डबी) घाला. आणि ज्या चॅनलला लॅपटॉप आहे तिथलं ४८ व्होल्टचं फँटम बंद आहे ना, हे दोनदा बघा. ती मिक्सरने केबलमधून कंडेन्सर माईकला पुरवायची वीज असते.

---

एडिसनकर | सोमवार, पहाटे ४:५०

वायफायबद्दल मी सांगतो, यात आमचं मंडळ चांगलंच पोळलंय.

या वर्गातल्या पेट्यांच्या आतला वायफाय हा घरी बसून शिकण्यापुरता असतो. रिकाम्या हॉलमध्ये उत्तम. मग अडीचशे माणसं येतात, प्रत्येकाच्या खिशात फोन, सगळे २.४ गिगाहर्ट्‌झवर कुजबुजतायत. शिवाय माणसाचं शरीर म्हणजे पाण्याची पिशवी, त्या लहरी पिते. आमच्या एका नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात मध्यंतरानंतर टॅब गेला तो गेलाच, आणि निवेदिकेचा माईक उघडाच राहिला. पडद्यामागचा बटाटेवड्यांचा हिशोब सगळ्या सभागृहाने ऐकला.

बाहेरचा साधा दोन बँडचा राउटर घ्या आणि मिक्सरच्या लॅन (तारेच्या नेटवर्कच्या) सॉकेटला जोडा. मिक्सरवर वायफाय की लॅन हे निवडायचं बटण असेल, ते लॅनकडे. टॅब ५ गिगाहर्ट्‌झवर. राउटर टेबलाखाली नको, डोक्याच्या वर, स्पीकरच्या स्टँडला बांधला तरी चालेल. नेटवर्कचं नाव लपवा, पासवर्ड बदला. आमच्याकडे एका हौशी पोराने मिक्सरचं ॲप उतरवून घेतलं होतं, पुढचं सांगत नाही.

पण तुमचं रिकाम्या हिरवळीवरही तुटतंय. तो माझ्या मते वेगळाच आजार आहे. टॅबमध्ये सिमकार्ड आहे का?

---

तिसरा मजला | सोमवार, सकाळी ८:१०

आहे! माझ्या मुलीचा टॅब आहे.

---

एडिसनकर | सोमवार, सकाळी ८:२५

मग तेच. मिक्सरच्या वायफायला इंटरनेट नसतं. टॅब थोडा वेळ वाट बघतो, "या नेटवर्कला इंटरनेट नाही" असं ठरवतो आणि गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो. आधी विमान मोड, मग त्यातच वायफाय तेवढं चालू. आणि मुलीला सांगा की त्या दिवशी टॅब तुमचा.

जाता जाता: कमिटीतल्या कुणाचा भाऊ अमेरिकेतून स्वस्तात स्पीकर किंवा वायरलेस माईक आणणार असेल तर थांबवा. काही स्पीकर फक्त १२० व्होल्टचे असतात, २३० वर लावले की एक छोटा धूर आणि मोठी शांतता (अनुभव आहे). उलट दिशेनेही तसंच. इथे ६१४ ते ६९८ मेगाहर्ट्‌झचा बहुतेक पट्टा मोबाइल कंपन्यांना गेला आणि जुलै २०२० पासून तिथले वायरलेस माईक वापरता येत नाहीत. पुण्याहून हौसेने आणलेले दोन संच मंडळाच्या कपाटात पडून आहेत.

---

परिशिष्ट | सोमवार, दुपारी १२:३०

सगळे तारांमध्ये गुंतलेत म्हणून एक कोरडा प्रश्न. कार्यक्रम किती वाजता?

---

तिसरा मजला | सोमवार, दुपारी १२:४४

पहाटे ५:३०. दिवाळी पहाटच आहे ना.

---

परिशिष्ट | सोमवार, दुपारी १:०५

मग पहिला अर्धा तास बेकायदा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २०००नुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक फक्त सभागृहासारख्या बंदिस्त जागेत चालतो, हिरवळीवर नाही. वर्षातले पंधरा दिवस राज्य सरकार सूट देऊ शकतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण ती सूट रात्री १० ते १२ची. पहाटेला तिचा उपयोग नाही. सहानंतरही लेखी परवानगी लागते. आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्याच्या १० डेसिबल वर किंवा ७५, यात जे कमी असेल तिथपर्यंतच.

"पहिला अर्धा तास विनामाईक करू" असं कोणीतरी सुचवेल. २०१०च्या दुरुस्तीनंतर त्या नियमात वाद्यंही आहेत.

---

काळी चार | सोमवार, दुपारी ३:३०

साडेपाचला बोलावून सव्वासहाला सुरू करा. तसेही लोक सहालाच येतात, उटणं-अंघोळ उरकून.

आता जरा गाणाऱ्यांच्या बाजूने. मला स्टेजवर प्रेक्षकांइतका मोठा आवाज नको असतो. मला तानपुरा आणि माझा आवाज हवा, पेटी (हार्मोनियम) थोडी. तबला बाजूलाच आहे, तो आपसूक ऐकू येतो. आणि एकदा ठरलं की ते हलता कामा नये. बहुतेक ठिकाणी काय होतं, समोर कमी पडतंय म्हणून हा माझा फेडर वर करतो, की माझ्या मॉनिटरमध्येही तो वाढतो आणि शिट्टी मारतो. मग तो घाबरून सगळंच खाली आणतो. मी तान घ्यायला तोंड उघडते आणि माझ्यासाठी माझाच आवाज नाहीसा होतो. असं वाटतं की जिन्याची पायरी होती आणि पाय टेकायच्या आधी कोणीतरी काढून घेतली.

---

कर्णेवाला | सोमवार, रात्री १०:१०

ताई, लाखातलं बोललात.

तिसरा मजला, मॉनिटरचे जे ऑक्स (मॉनिटरला वेगळा आवाज धाडायच्या वाटा) आहेत ते "प्री-फेडर" करा. मिक्सरमध्ये प्रत्येक चॅनलला ही निवड असते. प्री केलं की समोरचा फेडर वरखाली केला तरी स्टेजवरचं हलत नाही. दोन ऑक्स, दोन मॉनिटर, एक गायिकांना आणि एक तबला-पेटीला. मॉनिटरात रिव्हर्ब (घुमारा) घालू नका.

मॉनिटर कुठं ठेवायचा हे माईक बघून. साधा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माईक बरोबर पाठीमागं बहिरा असतो, तिथं मॉनिटर. सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद ऐकणारा) असंल तर त्याचं बहिरं टोक पाठीमागं नव्हं, तिरकं, साधारण १२५ अंशावर. त्याच्या बरोबर मागं मॉनिटर ठेवला की हटकून बोंबलतो. माईक कोणता ते बॉक्सवर असतंय.

गेन, म्हणजे माईकचा संकेत मिक्सरात शिरताना किती वाढवायचा ते, असा लावा. सगळे फेडर खाली. गायिकेला गुणगुणायला नव्हं, कार्यक्रमात गाईल तेवढ्या ताकदीनं गायला लावा. गेन फिरवत मीटर सरासरी उणे १८ला आणि जोराच्या तानेला उणे १०च्या आत बाहेर. मग गेनला हात लावायचा नाही, तो हलला की मॉनिटर पण हलतात. गळ्याच्या चॅनलला १०० हर्ट्‌झखालचं कापा, पेटीलाही. डग्ग्याला मात्र कापू नका, त्याची घुमक तिथंच राहते. पेटीला माईक वरून, वीतभर अंतरावर. भात्याच्या अगदी तोंडाशी नको, वारा मारतो.

आणि जो माईक वापरात नाही तो बंद. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीपर्यंतची तीन डीबी जागा गेली. आठ माईक उघडे ठेवून दोघांचं गाणं करायचं, मग शिट्टी का येते म्हणून इक्वलायझरात शोधत बसायचं, असं मी स्वतः दहा वर्षं केलंय.

चालू करताना आधी मिक्सर, शेवटी स्पीकर. बंद करताना उलटं. नाहीतर जो धप्प आवाज येतो तो हॉर्नचा डायफ्राम खातो.

---

भजनी | मंगळवार, सकाळी ७:३०

फोंड्याहून. मिक्सर एकाच टॅबवर अवलंबून असेल तर दुसरा फोनही जोडून ठेवा. आमच्याकडे सप्ताहात पार (भजनाचे गट) पाळीपाळीने उभे राहतात, रात्रभर. टॅबची बॅटरी पहाटे तीनला संपल्याचं एकदा पाहिलंय. आणि प्रत्येक पाराचं सेटिंग जतन करून ठेवतो, नावासकट. पुढच्या वर्षी तोच पार आला की अर्धं काम झालेलं असतं.

---

तिसरा मजला | कार्यक्रमानंतर, सोमवार, दुपारी २:००

झाला! सव्वासहा ते पावणेनऊ.

अठराशे रुपयांचा राउटर, स्टँडला बांधलेला. टॅब विमान मोडवर, एकदाही तुटला नाही. परवानगीचा कागद खिशात. हद्दीवर मोबाईलच्या ॲपने मोजलं, ६० ते ६४ दाखवत होतं. हे ॲप कोर्टात चालणार नाही हे परिशिष्ट सांगायच्या आत मीच सांगतो.

चुका झाल्याच. सातच्या सुमाराला एक शिट्टी आली, दोन सेकंद. सूत्रसंचालिका माईक हातात घेऊन स्पीकरच्या पुढ्यात आल्या, प्रेक्षकांतल्या एका आजींना तिळाच्या तेलाबद्दल विचारायला. त्यावर कोणत्या इक्वलायझरचा इलाज आहे? दुसरी चूक माझी. पहिल्या अभंगात तबला फक्त डावीकडे ऐकू येत होता, कारण पॅन (आवाज डाव्या-उजव्या स्पीकरात वाटायचं सेटिंग) डावीकडे राहिला होता. उजवीकडच्या रांगांमधून चिठ्ठी आली. पॅन मध्ये आणला.

आमच्या गायिकेने उतरल्यावर फक्त "तानपुरा ऐकू आला" एवढंच म्हटलं. काळी चार, याचा अर्थ चांगला असतो ना?

---

काळी चार | सोमवार, दुपारी २:२०

पेढे वाटा.

---

कर्णेवाला | सोमवार, रात्री ९:००

झकास. पॅनचं सांगायचं माझ्याकडून राहिलं. अशा जागेत सगळं मोनोच करायचं, स्टिरिओ घरी ऐकायला.

---

तिसरा मजला | तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी

धागा वर काढतोय, माफ करा. दिवाळीनंतर मी चारही स्पीकरचं बटण लाइनवर ठेवून त्यावर पांढरी चिकटपट्टी मारली होती आणि मार्करने "हात लावू नये" लिहिलं होतं. काल मी गावी होतो. तुळशीच्या लग्नाला मंगलाष्टकांसाठी एकच माईक पुरे म्हणून मिक्सर काढलाच नाही, माईक थेट स्पीकरला लावला. आवाज येईना. कोणीतरी चिकटपट्टी काढली, बटण वर केलं, आवाज आला. आता सचिवांनी गटावर लिहिलंय की "संबंधित सभासदाने स्पीकर चुकीच्या पद्धतीने बंद करून ठेवला होता, तो दुरुस्त करण्यात आला आहे."

यांना काय उत्तर देऊ?

---

चहाटळ | त्याच दिवशी, रात्री ८:१५

लिहा: एखादा चांगला साउंडवाला बोलवा.